आबाजींचा प्रश्न आणि गुरुजींचा गृहपाठ

मुलांनो, गृहपाठ फक्त गुरुजी देतात आणि मुलं करतात, असं तुम्हाला वाटतं ना? गेल्या हिवाळ्यात उलटं झालं. एका आबाजींनी मला गृहपाठ दिला, आणि तो पुरा करायला मला तीन आठवडे लागले.

मोर्शीजवळच्या आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण ती हे पान वाचणार आहे. गणितात पक्की, कबड्डीत त्याहून पक्की. तिला अधूनमधून फिट येते. कोणी त्याला मिरगी म्हणतं, कोणी फेफरं, डॉक्टर अपस्मार म्हणतात. पहिल्यांदा वर्गात फिट आली तेव्हा एकाने चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, दुसरा कांदा आणायला पळाला. दोन्हीचा काडीचा उपयोग नाही. आता आमच्या अख्ख्या वर्गाला पाठ आहे: तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर ठेवायचं, तोंडात चमचा, पाणी काहीही घालायचं नाही, आणि घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना. वर्गातला सगळ्यात खोडकर मुलगा आमचा घड्याळवाला आहे, आणि तो हे काम फार मनापासून करतो.

तर एका संध्याकाळी तिचे आजोबा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. थोडा वेळ संत्र्याच्या भावावर बोलले. मग म्हणाले,

"गुरुजी, एक इचारतो. मोबाइलवर पाह्यलं म्या. गांजाच्या तेलानं मिरगी बसते म्हनते. आता शिवरात्रीले सालबर्डीची जत्रा हाय. साधूलोक येतेत, कोनाजवळ तरी भेटनच. पोरीले देल्लं तं चालन काय? ह्या रोजच्या गोळ्या बंद करून टाकू."

मी म्हटलं, "आबाजी, मुळीच नाही."

"काहून नाही, थे सांगा."

झालं! "वाईट असतं म्हणून" हे उत्तर मला सुचलं होतं, पण ते देऊन त्यांचं समाधान झालं नसतं. माझंही नाही. मी म्हटलं, थोडा वेळ द्या, तोवर गोळ्या बंद करू नका. त्यांनी शब्द दिला, आणि मी वाचायला बसलो.

पहिल्यांदा झाडच पाहू. तुम्ही संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीसमोर पिळली असेल. तडतड ठिणग्या उडतात. सालीत बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांतलं तेल जळतं. भांगेच्या झाडालाही असंच काहीतरी असतं. पपईसारखी त्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर केसासारख्या बारीक ग्रंथी असतात आणि त्यांत चिकट राळ तयार होते. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि नुसती राळ म्हणजे चरस. या राळेत शंभराहून जास्त खास रसायनं सापडली आहेत. त्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात. त्यांतली दोनच नावं लक्षात ठेवा. एक टीएचसी, याने नशा चढते. दुसरं सीबीडी, याने नशा चढत नाही.

(जाता जाता आपल्या घरची एक गोष्ट. भाकरीबरोबर जिची भाजी खातो त्या अंबाडीचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस' आहे. पानं बोटांसारखी फाटलेली, भांगेच्या पानांची आठवण करून देणारी, म्हणून हे नाव पडलं. पण ती जास्वंदीची बहीण, भांगेशी तिचं नातं नाही. अंबाडी पोटभर खा.)

आता आबाजींच्या प्रश्नाकडे. गांजाने फिट थांबते, ही गोष्ट मोबाइलवाल्याच्या डोक्यातून निघाली का? नाही. ती निघाली कलकत्त्यात, १८३९ साली.

तिथल्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी नावाचे आयरिश डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत. आपल्या लोकांकडून त्यांनी भांग-गांजाचे गुण ऐकले. मग त्यांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. आधी प्राण्यांना देऊन पाहिलं. मग संधिवात, धनुर्वात, पटकी अशा रोगांच्या माणसांना अगदी थोडं थोडं देऊन, काय होतं ते लिहून ठेवलं. त्यांच्या टिपणात एक रोगी आहे अवघ्या चाळीस दिवसांची मुलगी. तिला एकामागून एक झटके येत होते. त्या काळचे सगळे उपाय करून झाले होते. ओशॉनेसींनी गांजाचा अर्क थेंबाथेंबाने वाढवत दिला. झटके थांबले. ती बाळ बरी झाली. झटक्यांवर हे फार मोलाचं औषध आहे, असं त्यांनी लिहिलं. हेच डॉक्टर पुढे हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकायला लागले, हा आणखी एक नमुना!

म्हणजे आबाजी बरोबर? गोष्ट इथेच संपवली असती तर हो. पण त्या बाळाला नेमकं काय दिलं गेलं, हे खुद्द ओशॉनेसींनाही माहीत नव्हतं. अर्काचे थेंब त्यांनी मोजले, पण त्या थेंबात कोणतं रसायन किती, हे सांगता येत नव्हतं. आपल्या बागेचा विचार करा. एकाच झाडाचा आंबिया बहार आणि मृग बहार सारखा लागतो का? पाऊस, ऊन, खत, तोडणी, सगळ्याने फरक पडतो. संत्रं आंबट निघालं तर तोंड वाकडं करून आपण दुसरं सोलतो. औषध आंबट निघालं तर? गांजाचा अर्क नंतर युरोप-अमेरिकेत दुकानांतून विकला जाऊ लागला, तेव्हा हीच तक्रार सतत होती. एका बाटलीने काहीच होत नाही, दुसरीने रोगी भलताच झिंगतो. हळूहळू डॉक्टरांचा त्याच्यावरून विश्वास उडाला.

इकडे आपल्या देशात वेगळाच वाद पेटला होता. गांजाने माणसं वेडी होतात, सबब बंदी घाला, अशी मागणी विलायतेतून आली. सरकारने १८९३ साली एक कमिशन नेमलं. त्याने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. आपल्या वऱ्हाडातल्या साक्षीदारांची उत्तरंसुद्धा त्या अहवालाच्या सातव्या खंडात छापलेली आहेत. या कमिशनने वेड्यांच्या इस्पितळांची दफ्तरं उघडली आणि मजेशीर गोष्ट सापडली. रोगी भरती करताना कागदावर 'वेडाचे कारण' असा रकाना असे. तो रिकामा कसा ठेवायचा? मग चौकशी न करताच तिथे 'गांजा' लिहून मोकळे! कमिशनने एकेका रोग्याची चौकशी परत केली, तेव्हा गांजाच्या खात्यावरचे बरेच रोगी गळून गेले. सगळे नाही हं, काही उरले. फार प्रमाणात ओढणाऱ्यांना गांजा बाधतो, हेही कमिशनने लिहिलं. मला हा अहवाल आवडला तो एवढ्यासाठी की "गांजाने बरं होतं" याला जसा पुरावा लागतो, तसाच "गांजाने वेड लागतं" यालाही लागतो. आम्हा मास्तरांनाही हे लागू आहे. वर्गात काच फुटली की रकान्यात एकाच मुलाचं नाव भरायची सवय असते आमची.

मग थेंबातलं रसायन ओळखायला इतकी वर्षं का लागली? अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं झालं होतं. कारण त्याचे मिठासारखे खडे बनतात, निवडायला सोपे. भांगेची राळ मात्र तेलकट आणि चिकट, शंभर रसायनं एकमेकांना धरून बसलेली. सीबीडी वेगळं निघालं १९४० साली, अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांच्या प्रयोगशाळेत. त्याची नेमकी रचना १९६३ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांनी शोधली, आणि दुसऱ्या वर्षी येहिएल गाओनी यांच्याबरोबर टीएचसीची. या मेशुलाम यांची एक गंमत प्रसिद्ध आहे. प्रयोगाला माल हवा म्हणून ते पोलिसांकडे गेले, आणि पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो चरस घेऊन चक्क बसने परत निघाले. बसमधले लोक विचारू लागले, हा कसला वास येतोय? २०२३ साली ब्याण्णवाव्या वर्षी ते वारले, तोपर्यंत संशोधन करत होते.

आता पुढचा प्रश्न आमच्या खोडकर घड्याळवाल्याने विचारला. "गुरुजी, झाडाचं रसायन मेंदूले कसं कळते? मेंदूत त्याची जागा असन का?"

अगदी हाच प्रश्न शास्त्रज्ञांना पडला होता! पेशीच्या अंगावर कुलपासारख्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ठरावीक किल्ली बसली की कुलूप फिरतं आणि पेशीच्या आत हालचाल सुरू होते. १९८८ साली अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत टीएचसीसारख्या रसायनाचं कुलूप दाखवून दिलं. पुढे १९९३ मध्ये दुसऱ्या प्रकारचं कुलूप सापडलं. ते मुख्यतः रोगाशी लढणाऱ्या पेशींवर असतं. पण कुलूप काही भांगेच्या झाडासाठी बसवलेलं नसणार. शरीराची स्वतःची किल्ली हवीच. ती १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून मिळाली. डिव्हेन, हानुश आणि मेशुलाम यांनी तिचं नाव ठेवलं 'आनंदमाइड'. होय, आपल्या 'आनंद' शब्दावरून! जगभरच्या प्रयोगशाळांत आज हा संस्कृत शब्द रोज उच्चारला जातो. असा 'आनंद' तुमच्या-माझ्या मेंदूतही तयार होतो.

तो करतो काय? शुद्धलेखनाचा तास डोळ्यांसमोर आणा. मी भराभर सांगत सुटलो की मागच्या बाकावरून आवाज येतो, "गुरुजी, सावकाश!" मी थांबतो. मेंदूतल्या पेशीही एकमेकींना असाच मजकूर सांगत असतात. ऐकणाऱ्या पेशीला फार झालं की ती आनंदमाइडसारखं रसायन तिथल्या तिथे बनवते आणि सांगणाऱ्या पेशीकडे उलटं पाठवते. अर्थ एकच, "सावकाश!" काम झालं की ते लगेच मोडून टाकलं जातं.

गांजा ओढला की टीएचसी याच कुलपांत जाऊन बसतं. पण ते लवकर मोडत नाही, आणि गरज पाहून येत नाही. जणू शाळेतल्या सगळ्या वर्गांत एकदम कोणी ओरडत राहिलं, "सावकाश, सावकाश!" मग कुठला तास होणार? ही कुलपं आठवण साठवणाऱ्या भागात आणि तोल सांभाळणाऱ्या भागात भरपूर आहेत. म्हणून नशेत माणूस आत्ता बोललेलं विसरतो आणि झोकांड्या खातो. आणि मोठ्या ताई-दादांनो, हे तुमच्यासाठी आहे. मेंदूची बांधणी विशी ओलांडल्यानंतरही काही वर्षं चालू असते. ही "सावकाश"ची यंत्रणा त्या बांधणीतही काम करते. म्हणून ज्या वयात तुम्ही आहात, त्याच वयात गांजाचं नुकसान जास्त. स्मरणशक्ती आणि अभ्यास मागे पडतात, आणि काहींना, विशेषतः घरात कोणाला तसा आजार असेल तर, गंभीर मानसिक आजार होण्याचा धोका वाढतो. कोणी म्हणेल, झाडाचं आहे, नैसर्गिक आहे. धोतराही नैसर्गिकच आहे.

फिट म्हणजे काय, तेही आता सांगता येईल. मेंदूतल्या खूप पेशी एकाच वेळी ओरडू लागतात, तीच फिट. मग "सावकाश" सांगणारं रसायन उपयोगी पडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे एक मेख आहे. फिटेवर जे चाललं ते टीएचसी नाही, नशा न आणणारं सीबीडी. आणि ते त्या मुख्य कुलपात नीट बसतही नाही. ते पेशींच्या दुसऱ्या कुलपांवर आणि दारांवर काम करतं, आणि त्याची पूर्ण उकल अजून चालू आहे.

१९८० मध्ये ब्राझीलमध्ये मेशुलाम आणि तिथल्या डॉक्टरांनी सीबीडी आठ रोग्यांना दिलं. चौघांचे झटके जवळजवळ थांबले. एवढं होऊनही पुढे तीसेक वर्षं मोठा प्रयोग कोणी केला नाही! झाड बंदीच्या यादीत, मग प्रयोगाला माल आणि पैसा कोण देणार? ही मला या सगळ्या कहाणीतली खरी हळहळ वाटते. त्या वर्षांत किती घरांत किती मुलांना फिटा आल्या असतील.

मग २०१३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली एक लहान मुलगी टीव्हीवर आली. तिला ड्राव्हे नावाचा अपस्मार होता. हा फार अवघड प्रकार, बहुतेक गोळ्यांना न जुमानणारा. आठवड्याला तीनशेच्या आसपास झटके यायचे. सीबीडी जास्त आणि टीएचसी अगदी कमी असलेल्या झाडाच्या तेलाने ते खूप कमी झाले, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. आबाजींच्या मोबाइलवर जे काही फिरतं, त्याचं मूळ बहुधा इथेच असावं.

पण एका मुलीवरून ठरवायचं कसं? म्हणून मोठी चाचणी झाली आणि २०१७ मध्ये छापून आली. ड्राव्हेची १२० मुलं आणि तरुण होते. निम्म्यांना शुद्ध सीबीडीचं औषध, वजनाच्या दर किलोमागे रोज २० मिलिग्रॅम. निम्म्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रव. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, आईबापांना, डॉक्टरांना, कोणालाच माहीत नाही. चौदा आठवडे सगळ्यांनी झटके मोजून लिहिले. औषध मिळालेल्या गटात मधल्या रोग्याचे महिन्याचे झटके सुमारे १२ वरून ६ वर आले. दुसऱ्या गटात १५ चे १४ झाले.

आणि आता जे सांगतो ते नीट वाचा. औषधाच्या गटात शंभरातल्या ४३ जणांचे झटके निम्म्याने किंवा जास्त कमी झाले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यातसुद्धा २७ जणांचे झाले! फिटा आपोआपही कमी-जास्त होतात. त्या २७ पैकी एखाद्याला आदल्या दिवशी कोणी ताईत बांधला असता, तर ताईताचं नाव झालं असतं. दुसरा गट ठेवला नसता तर हे कधी कळलंच नसतं.

औषधाचे त्रासही याच चाचणीत दिसले. जुलाब, उलट्या, थकवा, गुंगी, आणि काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या, मुख्यतः व्हॅल्प्रोएट ही गोळी आधीपासून चालू असलेल्यांच्या. हे सगळं पाहून, तोलून २५ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या औषध खात्याने ते मंजूर केलं. तेही अपस्माराच्या दोन अवघड प्रकारांसाठीच. तिसरा प्रकार २०२० मध्ये जोडला गेला. आपल्या देशातही जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत परवान्याने भांगेची झाडं लावून अशाच औषधांवर काम चालू आहे.

मोबाइलवर कॅन्सरचंही सांगतात, म्हणून दोन शब्द. प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी टीएचसीने मरतात, हे खरं आहे. पण बशीतल्या पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. त्यांच्यावर लिंबू पिळलं तरी मरतील. शरीरात चांगल्या पेशींना न मारता हे साधणं, ही खरी परीक्षा. स्पेनमध्ये मेंदूच्या गाठीच्या नऊ रोग्यांवर करून पाहिलं, ते २००६ मध्ये छापून आलं. औषध शरीराला सोसलं, पण रोगी वाचले नाहीत. संशोधन चालू आहे. चालू उपचार सोडून तेलामागे धावावं, असं त्यात काही नाही.

तीन आठवड्यांनी मी आबाजींच्या घरी गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. ते मध्येच म्हणाले, "म्हनजे झाडात औषध हाय."

"आहे."

"मंग?"

"आबाजी, साधूजवळच्या गांजात तेच औषध किती आणि नशेचं किती, हे कोण मोजून देणार? नशेचंच जास्त असणार, कारण लोक ते त्यासाठीच बाळगतात. वरून तो कायद्याने गुन्हा. पोरीच्या फिटेचा प्रकार वेगळा, तिच्या गोळ्या वेगळ्या. त्या गोळ्यांशी हे भांडलं तर? आणि गोळ्या एकदम बंद केल्या तर आधी येत होत्या त्याहून जोराच्या फिटा येतात. अपस्माराच्या शंभरातल्या सत्तर रोग्यांच्या फिटा योग्य गोळ्या नीट घेतल्या तर थांबू शकतात. आपल्या पोरीला त्या सत्तरांत यायला अजून वाव आहे."

आबाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मधी चार दिवस गोळ्या नव्हत्या देल्ल्या म्या. पाहून राह्यलो होतो."

मला शब्द दिला त्याच्या आधीची ही गोष्ट. मुलीला त्याच आठवड्यात वर्गात फिट आली होती, आमच्या घड्याळात साडेतीन मिनिटांची. मी रागावणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि नाही रागावलो.

आतून मुलगी आली. तिने सगळं ऐकलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून तिने माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "गुरुजी, त्या प्रयोगातल्या पोरांनी मोजले तसे मी पन मोजू का?" आम्ही ठरवलं. गोळी घेतली की तारखेवर निळी टिकली. फिट आली की लाल फुली, आणि शेजारी मिनिटं. गोळी राहिली तर रिकामं सोडायचं, खोटी टिकली लावायची नाही. आबाजींनी तिथेच बसून मागचे चार रिकामे चौकोन स्वतः दाखवले.

डॉक्टरांनी ते कॅलेंडर पाहून गोळीची मात्रा बदलली. हे लिहीत असताना कॅलेंडरवर सलग दहा आठवडे निळं आहे. मध्ये एकच लाल फुली आहे, दोन मिनिटांची. पुढच्या तपासणीला अमरावतीला जाताना ते गुंडाळून सोबत न्यायचं आहे, आणि आबाजींनी त्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी आताच काढून ठेवली आहे.